आपल्याले काय कमी हाये? बऱ्या घरच्या गरोदर बाईने सरकारी लाभ घ्यावेत का : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातली. सासरी १२ एकर केळी, ह्यांचं तालुक्याला कृषी केंद्र, दारात चारचाकी, म्हणजे गावात ‘बरं घर’ म्हणतात तसलं. माहेर अमळनेरचं, वडील शाळेत शिपाई होते. दोन बाळंतपणं झाली, पहिलं २०१९ ला आणि दुसरं २०२३ ला, आणि दोन्ही वेळेला घरात वाद एकाच गोष्टीवरून झाला, सरकारी ते घ्यायचं की नाही. तेव्हापासून नणंदा, जावा, भिशीतल्या बायका, दुकानावर खत घ्यायला आलेल्या माणसांच्या बायकासुद्धा मलाच विचारतात आणि प्रश्न तेच तेच असतात, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू. मी डॉक्टर नाही, सरकारी नोकर पण नाही, जे स्वतः केलं आणि जे अंगणवाडीच्या ओट्यावर बसून कळलं ते सांगते.

प्रश्न : गरोदरपणातले सरकारी लाभ सगळ्यांसाठी असतात की फक्त गरिबांसाठी?

सगळा घोळ इथेच आहे, लोक सगळं एकाच पोत्यात भरतात. बघा, गरोदरपणाची नोंदणी, माता बाल संरक्षण कार्ड, अंगणवाडीचा आहार, धनुर्वाताचं इंजेक्शन, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, सरकारी दवाखान्यातली डिलिव्हरी, ह्यात तुमचं उत्पन्न कोणी विचारत नाही. पिवळं कार्ड असो, केशरी असो, पांढरं असो. आमचं पांढरं आहे, कारण घरात चारचाकी असली किंवा ४ हेक्टरच्या वर बागायत असली की पांढरंच मिळतं आणि आमच्याकडे दोन्ही, तरी अंगणवाडीच्या रजिस्टरला माझं नाव दोन्ही वेळेला लागलं.

मातृवंदना योजनेचे पैसे आणि जननी सुरक्षा (दवाखान्यात बाळंत होण्यासाठी पैसे देणारी योजना), ह्यांचं वेगळं आहे. त्यांना अटी आहेत. जननी सुरक्षा २००५ पासून चालू आहे पण महाराष्ट्रात ती दारिद्र्यरेषेखालच्या आणि एससी-एसटी बायकांनाच, खेड्यात ७०० आणि शहरात ६०० रुपये, त्या यादीत तुम्ही नसाल तर विषय तिथेच संपला. मातृवंदनाचं खाली सविस्तर लिहिलंय.

म्हणजे पहिलं हे बघायचं की जे घेताय ते सगळ्यांसाठी आहे का अटीवालं आहे. सगळ्यांसाठी असलेलं घेताना लाजू नका आणि अटीवालं घ्यायला खोटं बोलू नका. माझं म्हणणं एवढंच आहे, पण प्रश्न संपत नाहीत म्हणून पुढे लिहिते.

प्रश्न : अंगणवाडी तर गरिबांच्या लेकरांसाठी ना?

असं वाटतं खरं, मलाही वाटायचं. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली तेव्हा थोड्याच तालुक्यांत होती, मग वाढत गेली, आणि २००६ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही सगळ्यांसाठी खुली पाहिजे, प्रत्येक वस्तीला पाहिजे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तर सरळ ‘प्रत्येक’ गरोदर आणि स्तनदा माता असा शब्द आहे, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर ६ महिने फुकट आहार. रोजचं माप पण त्या कायद्यात ठरवून दिलं होतं, ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं.

त्यात प्रत्येकच लिहिलंय, प्रत्येक गरीब नाही लिहिलेलं. आता तेच कायदेवाले लोक पुढे मातृत्वाच्या पैशाच्या बाबतीत ‘प्रत्येक’ विसरले ती गोष्ट निराळी.

प्रश्न : सासूबाई म्हणतात आपल्याले काय कमी हाये. काय सांगू त्यांना?

माझ्या सासूबाईंचं हेच वाक्य. “आपल्याले काय कमी हाये? ते पाकिटं सालदारायच्या बायका खातीन, आपुन नाही.” माहेरी आईला फोन लावला तर तिकडून अहिराणीत तेच, “आपलाले काय कमी शे व माय?” वडील शिपाई असलेल्या घरात काय कमी होतं ते मला चांगलं माहीत होतं, पण मुलगी बऱ्या घरी दिली की माहेर पण बरं होऊन जातं.

मी तेव्हा सासूबाईंशी वाद घातला नाही. पाकिटं आणली आणि स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवली, शिरा आणि उपम्याची होती २०१९ ला. एक दिवस दुपारी गोठ्यात गेले तर म्हशीच्या घमेल्यात सरकीच्या ढेपेवर पिवळसर पीठ टाकलेलं आणि बाजूला पाकिटं पडलेली, त्याच्यावर गरोदर बाईचं चित्र. म्हैस मजेत चाटून चाटून खात होती. मला हसू पण आलं आणि पोटात कसंसं पण झालं.

कारण त्याच गोठ्याच्या मागे आमच्या सालदाराची, म्हणजे सालाने ठेवलेल्या गड्याची, खोली. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नवीन सालदार ठरला होता, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा, पावरा आदिवासी, आणि त्याची बायको सहावा महिना लागलेली. माझ्याच बरोबरची म्हणा. तिला विचारलं तुझं कार्ड कुठे, तर म्हणे पाड्यावर. पाकीट? ते पण पाड्यावर. म्हणजे तिच्या गावच्या यादीत तिचं नाव होतं पण ती तिथे नव्हती, इथे होती पण इथल्या यादीत नव्हती, आणि माझ्या नावाचं म्हैस खात होती.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन अंगणवाडी ताईकडे गेले. कामाला आलेल्या बाईला जिथे राहते तिथल्या अंगणवाडीत नाव लावता येतं आणि लस पण तिथेच मिळते, हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. ताईला माहीत होतं, पण शेतातल्या खोल्यांवर जायला तिला वेळ कुठे, एकटी बाई काय काय करील. आणि मला हे कळलं ते मी ताईकडे जात होते म्हणून. गेलेच नसते तर ती बाई बाळंत होईपर्यंत कोणाच्या नजरेत आली नसती.

तर सासूबाईंना काय सांगायचं? मी काही सांगितलं नाही, फक्त फडताळाला कुलूप लावलं.

प्रश्न : मग पाकीट खायचं नसेल तरी घ्यायचं का?

नाही. हे मी अगदी स्पष्ट सांगते. खाणार असाल तर घ्या, खाणार नसाल तर ताईला तसं सांगा आणि घेऊ नका. पण नाव नोंदवा, नोंदणी आणि पाकीट ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हल्ली पाकीट देताना फोटो काढून चेहरा जुळवतात, त्यामुळे तुमच्या नावाचं दुसऱ्या कोणाला देणं तसंही अवघड झालंय. घेऊन गोठ्यात टाकणं हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण कागदावर एक बाई जेवली आणि प्रत्यक्षात कोणीच नाही.

प्रश्न : आम्ही प्रायव्हेटला दाखवतो, सोनोग्राफी झाली, गोळ्या चालू आहेत. मग सरकारी नोंदणी कशाला?

करा. पहिल्या १२ आठवड्यांत करा. आशाताई घरी येते तेव्हा “आमचं प्रायव्हेटला चालू आहे” म्हणून तिला फाटकावरूनच वाटेला लावणाऱ्या बायका मी बघितल्यात, चांगल्या शिकलेल्या. अहो ती काय तुमच्याकडे काही मागायला आलेली नाही. तुमच्या गावात किती गरोदर आहेत, कोणाचं रक्त कमी आहे, कोणाला बीपी आहे, ह्याच्यावरच लस किती मागवायची, गोळ्या किती मागवायच्या, कुठे लक्ष द्यायचं ते ठरतं. बरी घरं त्यातून गळाली तर गावाचा हिशोबच चुकतो.

आणि रक्त कमी असणं ही काय गरिबाचीच गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय निघाला, अर्ध्याहून जास्त, त्यात सगळ्या काही झोपडीतल्या नाहीत. माझं स्वतःचं हिमोग्लोबिन ९.१ होतं, घरात तूप, दूध, डिंकाचे लाडू सगळं असून. वरून जेवणानंतर लगेच चहा, त्याने गोळीतलं लोह अंगी लागत नाही हे मला माहीतच नव्हतं, ते आशाताईने सांगितलं, ज्या डॉक्टरांकडे मी प्रत्येक वेळी फी मोजली त्यांनी नाही. सरकारी लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज एक अशा १८० देतात आणि बाळंतपणानंतर परत १८०. प्रायव्हेटवाल्या गोळ्या घेत असाल तर दोन्ही एकदम घेऊ नका, डॉक्टरला दाखवून एकच ठेवा.

प्रश्न : दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात तपासणी असते, तिथे गेलं तर चालेल का?

चालेल की. २०१६ पासून आहे, चौथ्या महिन्यापासून पुढच्या सगळ्या गरोदर बायकांसाठी, आणि तिथे काही प्रायव्हेट डॉक्टर पण एक दिवस फुकट येऊन तपासतात. पण इथे माझं मत जरा वेगळं आहे. तुमची प्रायव्हेटला नियमित तपासणी चालू आहे, सगळं नॉर्मल आहे, तर मे महिन्यात भुसावळच्या उन्हात तिथे लायनीत उभं राहून पुढच्या बाईचा नंबर मागे ढकलू नका. त्या दिवशी डॉक्टर एक-दोन आणि बायका ओट्यापर्यंत बसलेल्या. नोंदणी केल्याने कोणाचं काही कमी होत नाही, लस घेतल्याने होत नाही, पण डॉक्टरचा वेळ आणि खाट मोजकीच असते, ती तुम्ही घेतली की दुसऱ्या बाईला थांबावं लागतं. मी कुठलाही लाभ घेण्याआधी हेच बघते, माझ्या घेण्याने कोणाला ताटकळत उभं राहावं लागतंय का.

प्रश्न : पैसे असताना सिव्हिलला डिलिव्हरी केली तर गरिबाची खाट अडवल्यासारखं नाही का?

वर लिहिलंय त्याच्याच उलट आता लिहितेय असं वाटेल, पण थांबा. १ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा आहे (वरची जननी सुरक्षा वेगळी), सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या कुठल्याही बाईला डिलिव्हरी फुकट, सिझर फुकट, औषधं, तपासण्या, रक्त, नॉर्मलला ३ दिवस आणि सिझरला ७ दिवसांपर्यंत जेवण, घरून न्यायला आणि परत सोडायला गाडी. उत्पन्नाचा संबंध नाही.

माझी जाऊ २०२१ ला अशीच सरकारीत बाळंत झाली, कोविडमध्ये प्रायव्हेटवाले हात लावेनात म्हणून. नाव नाही सांगत कुठल्या दवाखान्यात. सिझर झाल्यावर सिस्टरने चिठ्ठी दिली, इंजेक्शन बाहेरून आणा. आणलं असतं, १,१०० रुपयाची गोष्ट होती आणि दीर पाकीट काढून उभेच होते, पण जाऊ एलएलबी झालेली, तिने झोपल्या झोपल्या सांगितलं की बाहेरून आणायला लावताय ते कागदावर लिहून द्या आणि खाली सही करा. अर्ध्या तासात तेच इंजेक्शन आतल्या कपाटातून निघालं. शेजारच्या खाटेवर चोपड्याकडची एक बाई होती, तिचा नवरा सकाळपासून तीच चिठ्ठी हातात घेऊन पैसे उसने मागत फिरत होता. तिलाही मिळालं मग.

त्या खाटेवर जाऊ नसती तर काय झालं असतं ते तुम्हीच बघा. ज्यांना प्रश्न विचारता येतो ते सगळे प्रायव्हेटला निघून गेले की सरकारी वॉर्डात फक्त हात जोडणारे उरतात, मग पंखा बंद पडला तर सहा महिने बंदच. म्हणून मी असं म्हणत नाही की बऱ्या घरच्यांनी तिकडे फिरकूच नये. जोखमीचं बाळंतपण असेल, जुळं असेल, बीपी वाढलं असेल, रक्त आणि बाळाचा अतिदक्षता कक्ष जिथे आहे तिथे जा, सरकारी असो की प्रायव्हेट. जायचं तर जनरल वॉर्डात जा, आमदाराचा फोन करून वेगळी खोली मागू नका. तसं करणार असाल तर मग घरातल्या पैशाने प्रायव्हेटलाच जा ना. माझं स्वतःचं दुसरं सिझर प्रायव्हेटलाच झालं, ६२ हजार बिल आलं, तेही सांगून टाकते, मी काही मोठी तत्त्ववाली नाही.

प्रश्न : गाडी दारात आहे, तरी अँब्युलन्स बोलवावी का?

गाडी असेल आणि चालवणारा शुद्धीत असेल तर गाडीने जा. १०२ ची गाडी गरोदर बाई आणि बाळासाठीच आहे, पण एका गाडीमागे गावं किती असतात ते बघा. तिकडे नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याला रस्ता नसलेल्या पाड्यांवरून बाईला बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरवतात, नर्मदेच्या काठच्या गावांना बोटीची अँब्युलन्स आहे, मग पुढे कुठे गाडी भेटते.

पण रक्त जातंय, झटके येतायत, बाई बेशुद्ध पडली तर गाडी-बिडी विसरा आणि १०८ लावा, त्यात डॉक्टर आणि ऑक्सिजन असतो, तुमच्या गाडीत एसी असेल फक्त.

प्रश्न : मातृवंदनाचे ५ हजार घ्यायचे का?

पात्र असाल तर घ्या, नसाल तर नाही, पण पात्र कोण ह्याचाच गुंता आहे.

योजना १ जानेवारी २०१७ पासूनची. तेव्हा पहिल्या बाळाला ५,००० रुपये, १,००० आणि २,००० आणि २,००० असे तीन हप्ते, आणि उत्पन्नाची अट नव्हती, केंद्र-राज्य सरकारात किंवा सरकारी कंपनीत कायम नोकरी असलेल्या आणि दुसऱ्या कायद्याने असाच लाभ मिळणाऱ्या बायका सोडून सगळ्यांना. मी २०१९ ला घेतले. कायदेशीर होतं, ह्यांनी नाक मुरडलं, मी घेतले. ते पैसे माझ्या एकटीच्या खात्यावर आले होते आणि लग्नाला चार वर्षं झाल्यावर माझ्या खात्यावर स्वतःचे आलेले ते पहिले पैसे. बऱ्या घरात बाईच्या हातात किती असतं हे बऱ्या घरातल्या बाईलाच माहीत. बारा एकराच्या सातबाऱ्यावर माझं नाव नाही, केळीचा ट्रक भरून गेला की हिशोब सासरे आणि हे बसून करतात, मला सोनोग्राफीला जायचं तर मागावे लागतात. म्हणून कोणी म्हणालं ना की श्रीमंत बाईला कशाला पाहिजे पैसे, तर मी विचारते की श्रीमंत कोण, घर की बाई?

१ एप्रिल २०२२ पासून नियम बदलले. पहिल्या बाळाला ५,००० च, पण दोन हप्ते, ३,००० नोंदणी आणि एक तपासणी झाल्यावर, २,००० बाळाच्या जन्माची नोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर. आणि आता अटींची यादी आहे, तिच्यातलं एक तरी बसलं पाहिजे. एससी-एसटी, ४० टक्क्यांवर अपंगत्व, बीपीएल कार्ड, अन्नसुरक्षेचं रेशन कार्ड, आयुष्मान, ई-श्रम, मनरेगाचं जॉब कार्ड, किसान सन्माननिधी घेणारी शेतकरी बाई, अंगणवाडी आणि आशा कर्मचारी, नाही तर कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखाच्या आत.

२०२३ ला माझं ह्यातलं काहीच बसत नव्हतं. दुकानाचं रिटर्न ८ लाखाच्या वर गेलेलं. फॉर्म भरला नाही.

प्रश्न : तहसीलमधून कमी उत्पन्नाचा दाखला तर मिळून जातो, मग काय हरकत?

हरकत हीच की ते खोटं आहे. आपल्याकडे दाखल्यावर ८० हजार आणि दारात इनोव्हा ही काही नवीन गोष्ट नाही, मी नाव घेत नाही पण आमच्याच भावकीत आहे. शेतीचं उत्पन्न कुठे नोंदलेलं नसतं, तलाठी विचारतो किती लिहू आणि आपण म्हणतो लिहा की तुम्हीच. लाडक्या बहिणीत काय झालं बघितलं ना, अडीच लाखाची अट असताना सरकारी पगार घेणाऱ्या बायकांनी पण फॉर्म भरले, मग पडताळणी लागली आणि त्या नादात खऱ्या गरजू बायकांचे हप्ते अडकले, त्या बँकेच्या दारात उभ्या. खोटा दाखला काढणाऱ्या बाईचं काही बिघडत नाही, पुढच्या वेळी दाखला जास्त कडक होतो आणि तो कडक दाखला आमच्या सालदाराच्या बायकोला काढावा लागतो, एक दिवसाची मजुरी आणि बसचं भाडं घालून.

प्रश्न : जमीन माझ्या नावावर आहे आणि किसान सन्मानचे पैसे येतात. मग मी पात्र?

नियमाने हो, आणि ह्याची मला गंमत वाटते. किसान सन्मानला २०१९ पासून जमिनीची मर्यादाच राहिली नाही, मागच्या वर्षी इन्कम टॅक्स भरलेला असेल, सरकारी नोकरी असेल वगैरे तर नाही मिळत. शेतीच्या उत्पन्नाला टॅक्स नाही. म्हणजे २० एकर केळी, दुसरं काही उत्पन्न नाही, जमीन बाईच्या नावावर, ती मातृवंदनात बसू शकते, आणि तालुक्याला दुकान चालवणाऱ्याची बायको बसत नाही. सरकारने आखलेली रेघ आहे, तुम्ही खोटं काही लिहिलेलं नाही, घ्यायचे तर घ्या. माझ्या मैत्रिणीने घेतले, मी तिला काही बोलले नाही. शिवाय केळीवाल्याचं बरं घर म्हणजे तरी काय, जूनच्या तोंडावर एक वादळ आलं की घड लागलेली बाग सगळी आडवी आणि त्या वर्षी बरं घर कर्जासाठी सोसायटीच्या दारात.

प्रश्न : दुसरी मुलगी झाली तर ६ हजार मिळतात म्हणे?

हो, २०२२ पासून, दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० एकदाच, अटी वरच्याच, आणि गरोदरपणात नोंदणी झालेली पाहिजे. मला मुलगीच झाली पण वर सांगितलं तसं मी बसत नव्हते. जळगाव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या, ६ वर्षांच्या आतल्या, आणि सोनोग्राफीला कुठे कुठे फिरायचे पैसे कोणाकडे होते ते सगळ्यांना माहीत आहे. ह्याच्यावर मी जास्त लिहीत नाही, लिहिलं तर घरात जेवण मिळणार नाही.

प्रश्न : मी सरकारी नोकरीत आहे. मी काही फुकटचं घेत नाही म्हणून अभिमानाने सांगू ना?

सांगा, पण १८० दिवस पूर्ण पगारी रजा घेतलीत ते पण सांगा. ५,००० रुपये फुकटचे आणि सहा महिन्यांचा पगार हक्काचा, असं कसं? दोन्ही हक्काचंच आहे. प्रायव्हेटमध्ये १० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पण २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा आहे, आधीच्या वर्षात ८० दिवस काम झालेलं असलं की. ती मागा, लाजू नका. केळीच्या बागेत निंदणीला जाणाऱ्या बाईला ह्यातलं काहीच नाही, तिला ते पाच हजारच, ते पण पहिल्या बाळाला, आणि दुसरी मुलगी झाली तर सहा.

प्रश्न : आम्ही टॅक्स भरतो, मग आम्ही का नाही घ्यायचं?

घ्या ना, पण हे कारण नका सांगू. साबणाच्या वडीवर आणि मोबाईलच्या रिचार्जवर ती निंदणीवाली बाई पण भरते.

प्रश्न : बऱ्या घरच्यांना सरळ वगळलं तर गरिबांना जास्त मिळेल ना?

ऐकायला बरं वाटतं. पण वगळायचं म्हणजे प्रत्येकीला सिद्ध करायला लावायचं की ती गरीब आहे, आणि ते सिद्ध करायला सगळ्यात जास्त त्रास खऱ्या गरिबालाच होतो. धडगाव-शहाद्याकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, तिथून येईपर्यंत बाई कधी बाळंत झालेली असते, तिने कुठला दाखला कधी काढायचा?

फिनलंड देशात बाळंतिणीला बाळाच्या कपड्यांची पेटी देतात. १९३८ ला फक्त गरीब बायकांसाठी सुरू केली, आणि १९४९ पासून सगळ्यांना, श्रीमंतांना सुद्धा, अट एकच ठेवली की चौथा महिना संपायच्या आत तपासणीला जायचं. आम्ही खान्देशातले लोक तिकडचं काय डोक्यावर घेणार, पण ही अट मला फार आवडली. गरीब आहेस का हे विचारायचं नाही, तपासून आलीस का एवढंच विचारायचं, आणि सगळ्याच बायका पेटी आणतात म्हटल्यावर पेटी आणण्यात लाज कसली. आपल्याकडे लसीचं तसंच आहे बघा. सरकारी लस टोचून आणली म्हणून कोणी म्हणत नाही की ह्यांची परिस्थिती खालावली वाटतं.

प्रश्न : पैसे आले खात्यावर, पण मनाला लागतंय. परत देऊ का?

पात्र होतात तर परत कशाला देता. मनाला लागत असेल तर ज्या बाईला काम देता तिला बाळंतपणाचे दोन महिने मजुरी चालू ठेवा, हे आमच्याकडे कोणी करत नाही. सालदाराचं साल (वर्षाचा ठरलेला पगार) कापत नाहीत, पण त्याच्या बायकोची रोजंदारी असते ती बंद. मी सासऱ्यांकडे हा विषय काढला होता २०१९ ला, एक महिन्याचे मिळाले, दुसऱ्याला म्हणाले पायंडा पडेल. माझ्या ५ हजारातले मी दिले मग, गुपचूप. आता हे लिहिल्यावर गुपचूप राहणार नाही.

प्रश्न : गावात लोक नावं ठेवतील त्याचं काय?

ठेवतात. “एवढ्या बंगल्यातली बाई पाकिटं नेऊ राह्यली” असं माझ्या पाठीमागे बोलले. तीन महिन्यांनी बोलणारीच्या सुनेला दिवस गेले आणि ती मला विचारायला आली की नोंदणीला आधार कार्ड कोणतं लागतं, माहेरच्या नावाचं की सासरच्या. (नावाची दुरुस्ती आधी करून घ्या आणि बँक खातं आधारला जोडलेलं पाहिजे, निम्मे हप्ते तिथेच अडकतात.)

प्रश्न : शेवटचं, ती पाकिटातली खिचडी घशाखाली उतरत नाही. काय करावं?

नुसती पाण्यात शिजवली तर नाहीच उतरणार. आधी पाकिटावरची तारीख बघा आणि कुबट वास येत असेल तर ताईला परत करा, तिला पण वर कळवावं लागतं. मग तेलात जिरं, भरपूर ठेचलेला लसूण, मूठभर शेंगदाणे, हाताशी असेल तर मेथीची जुडी चिरून, हे परतून घ्यायचं आणि त्याच्यात पाकीट आणि नेहमीपेक्षा जरा जास्त पाणी. वरून मीठ घालू नका, त्यात असतं. वरून लिंबू पिळायचं. हे जेवणाच्या ऐवजी नाही, जेवणाच्या वर आहे, दुपारी चारला भूक लागते तेव्हा, कळण्याची भाकरी आणि भाजी आपली चालूच ठेवायची.

दुसऱ्या वेळेला मी अशी केली तेव्हा सासूबाई चुलीपाशीच बसलेल्या. वाटीत थोडी घेतली, चाखली, म्हणाल्या मीठ जास्त हाये. आणि वाटी संपवून परत पुढे केली.